टनाला दीड रुपया

दांडेलीची कागद गिरणी १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. काळी नदीचं पाणी आणि उत्तर कन्नडच्या जंगलातला बांबू, या दोन गोष्टींच्या भरवशावर ती तिथे आली. सरकारने तिला हा बांबू दिला टनाला दीड रुपया भावाने. सुपं, टोपल्या, कणग्या विणून पोट भरणारे बुरूड तोच बांबू बाजारातून विकत घेत, आणि त्यांना पडणारा भाव टनावर मोजला तर हजारांच्या घरात जाई. ज्याच्याकडे भांडवल होतं त्याला जंगल जवळपास फुकट मिळालं, आणि ज्याच्याकडे फक्त हातातली कला होती त्याला ते परवडेनासं झालं.

कागद आणि पर्यावरण असा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दुसरीकडूनच सुरू होते. शाळेच्या भिंतीवर ‘कागद वाचवा, झाडं वाचवा’ असं लिहिलेलं असतं. ऑफिसच्या ई-मेलखाली ‘खरंच प्रिंट हवी आहे का?’ अशी हिरव्या अक्षरातली ओळ असते. बँक पासबुकाऐवजी ॲप वापरायला सांगते आणि त्याला पर्यावरणप्रेम म्हणते. या घोषणा देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्या चुकीच्या माणसाला उद्देशून आहेत. वही वापरणाऱ्या मुलाला आणि पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाला त्या अपराधी ठरवतात. कागद मुळात इतका स्वस्त कसा, हे मात्र विचारत नाहीत. तो स्वस्त आहे, कारण त्याच्या किमतीतला मोठा हिस्सा दुसऱ्या कुणीतरी आधीच भरलेला असतो. कधी जंगलाने आणि जंगलाकाठच्या गावाने, कधी नदीने, तर कधी रद्दी वेचणाऱ्या बाईने. ती किंमत ज्याची त्याने मोजायला लावली, तर कागदाची उधळपट्टी आपोआप कमी होईल आणि शाळकरी मुलाला वही जपून वापरायला सांगण्याची वेळ येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दांडेलीची गोष्ट पुढे काय झाली ते सांगायला हवं. १९७०च्या दशकाच्या मध्याला बुरुडांनी कर्नाटक सरकारकडे तक्रार नेली की गिरण्या बांबू संपवत आहेत. गिरण्यांचं म्हणणं होतं की गावकरी आणि त्यांची गुरं बांबू संपवतात. सरकारने हा प्रश्न परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्याकडे सोपवला. ते रानोमाळ हिंडले, बांबूची बेटं मोजली, लोकांशी बोलले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. वनखात्याची समजूत अशी होती की हे जाळं साफ केलं की नव्या कोंबांना मोकळी जागा मिळते आणि बांबू जोमाने वाढतो. म्हणून तोडीबरोबर काटे काढणं हा कामाचाच भाग झाला होता. गावकरी म्हणत होते की हे काटेच कोंबांचं कुंपण आहे. ते काढलं की साळिंदर, रानडुक्कर, वानर आणि गुरं कोवळे कोंब खाऊन टाकतात. गाडगीळांच्या पाहणीत गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. बांबू कमी होत होता तो गिरणीसाठी होणाऱ्या तोडीमुळे आणि शास्त्रीय म्हणून चालवलेल्या या साफसफाईमुळे.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट किमतीची आहे. टनाला दीड रुपया मोजणाऱ्याला बांबू जपण्याचं काहीच कारण नसतं. जवळचं जंगल संपलं की शेजारच्या जिल्ह्यातलं, ते संपलं की दुसऱ्या राज्यातलं. वाहतूक महाग पडली तरी मूळ माल फुकटच असल्यामुळे गणित जमत राहतं. पुढे बांबू हाती लागेनासा झाला तेव्हा नैसर्गिक जंगल तोडून निलगिरीची लागवड झाली, आणि पश्चिम घाटाच्या मुसळधार पावसात ती निलगिरी बुरशीच्या रोगाने बसली. जुनं जंगल गेलं आणि नवीनही आलं नाही.

हीच कहाणी चंद्रपूर-गडचिरोलीत घडत होती. बल्लारपूरच्या पेपर मिलची कंपनी १९४५ साली स्थापन झाली. वर्धा नदीकाठच्या या गिरणीने विदर्भातल्या हजारो घरांना रोजगार दिला, बल्लारपूर हे गाव तिच्याभोवती वाढलं, हे नाकारण्याचं कारण नाही. पण तिला लागणारा बांबू येत होता गडचिरोलीच्या गोंड गावांच्या शिवारातून, वनखात्याशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारावर. गावकऱ्याला त्याच जंगलातून घर शाकारायला चार बांबू आणायचे तर निस्तार हक्काच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरता जंगलातला माल घेण्याच्या हक्काच्या अटी आणि वनरक्षकाची मर्जी. गिरणीसाठी तोड करताना मात्र त्यालाच रोजंदारीवर बोलावलं जाई. स्वतःच्या जंगलात मजूर होण्याची ही पाळी दोन पिढ्यांनी सोसली. आणि इतका स्वस्त कच्चा माल मिळूनही कंपनी टिकली नाही. कर्जापायी ती २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि शेवटी भोगलं ते कामगारांनी.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या व्यवस्थेला हरकत घेतली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. तिच्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता, सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा होती, देवाजी तोफा यांच्यासारखं गावातलं नेतृत्व होतं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती होते. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यात बांबूचा समावेश गौण वनउपजात, म्हणजे लाकडाखेरीजच्या जंगली मालात, स्पष्ट शब्दांत केलेला आहे. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायची वेळ आली तेव्हा वाहतूक परवाना देईना वनखातं. कारण १९२७च्या वन कायद्याच्या व्याख्येत तेव्हा बांबू हे झाड होतं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवत आहे आणि संसदेने नुकताच त्यावर गावाचा हक्क मान्य केला आहे, या दोन्ही गोष्टी बाजूला पडल्या. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. स्वतःच्या जंगलातला बांबू गावाबाहेर नेण्यासाठी एका केंद्रीय मंत्र्याला आणि मुख्यमंत्र्याला गावात यावं लागलं. आपल्या वनव्यवस्थेबद्दल याहून वेगळं काही सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा स्वतः बांबूचे लिलाव करू लागल्या. गिरणी असो की व्यापारी, भाव बोलूनच माल घ्यावा लागतो. किती तोडायचं, कुठलं बेट राखायचं, वास्ते म्हणजे कोवळे कोंब कधी काढायचे, हे गाव ठरवतं. सगळीकडे आदर्श कारभार आहे असं मी म्हणत नाही. ठेकेदारांनी ग्रामसभांना फसवल्याच्या तक्रारीही आहेत, हिशेब थकल्याच्याही आहेत. पण ज्याला ते जंगल पुढच्या वर्षीही लागणार आहे त्याच्या हातात निर्णय आला, हा फरक फार मोठा आहे. कागदाच्या पर्यावरणाचा पहिला धडा मला इथे दिसतो. जंगल वाचवण्यासाठी कागद कमी वापरा असं शहरातल्या माणसाला सांगण्याआधी, जंगलातला माल कोणत्या भावाने आणि कुणाच्या संमतीने बाहेर पडतो ते पाहिलं पाहिजे.

यावर कागद उद्योगाचं उत्तर ठरलेलं आहे. आजचा कागद जंगलातून येत नाही, शेतातून येतो, असं ते म्हणतात. त्यात बरंच तथ्य आहे. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सांगितलं की लागणारं लाकूड शेतकऱ्यांकडून पिकवून घ्या, सवलतीच्या दराने जंगल मिळणार नाही. त्यातून आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, ओडिशा या भागांत सुबाभूळ, निलगिरी आणि सुरूच्या झाडांची शेती वाढली. म्हणजे सरकारने फुकटचा माल बंद करताच उद्योगाला दुसरा मार्ग सापडला. ही गोष्ट माझ्या म्हणण्याला पुष्टीच देते. निलगिरीचे स्वतःचे प्रश्न आहेत. कोरडवाहू भागात तिने भूजल ओढल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की कर्नाटकाने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली. पण शेताच्या बांधावरचं सुबाभूळ आणि तोडलेलं साग-बांबूचं रान यांत मला निवडायचं असेल तर मी सुबाभूळ निवडेन.

मात्र ‘आमचा कागद शेतातला’ हे उत्तर आयात कागदाला लागू पडत नाही. आपल्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात जी रिमं येतात त्यांतली काही इंडोनेशियाची असतात. २०१० पासून आसियान या आग्नेय आशियाई गटातल्या देशांशी मुक्त व्यापार करार लागू झाला आणि तिथला कागद इतका स्वस्त येऊ लागला की २०१८च्या अखेरीस सरकारला कॉपियर कागदावर डम्पिंगविरोधी शुल्क, म्हणजे अति स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचा जादा कर, लावावं लागलं. सुमात्रा बेटावर या कागदासाठी अकेशिया या झाडाची प्रचंड लागवड आहे, आणि तिच्यातला बराच भाग दलदलीच्या जमिनीतलं पाणी काढून टाकून केलेला आहे. हजारो वर्षांचा कुजलेला पालापाचोळा त्या जमिनीत साठलेला असतो. ती कोरडी पडली की पेटते आणि महिनोन्‌महिने धुमसते. २०१५ मध्ये तिथल्या आगींचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पसरला होता. तो स्वस्तपणाही कुणाच्या तरी फुफ्फुसांनी विकत घेतलेला आहे.

लाकूड आणि बांबू ही तर भारतीय कागदाची लहान बाजू. देशात तयार होणाऱ्या कागदाच्या कच्च्या मालात लाकडाचा वाटा एक पंचमांशाच्या आसपास आहे. जवळपास तीन चतुर्थांश कागद रद्दीपासून बनतो. उरलेला भाग उसाचं चिपाड, गव्हाचं काड असा. म्हणून ‘एक टन कागद म्हणजे सतरा झाडं’ हे शाळेत शिकवलं जाणारं गणित आपल्याकडच्या बहुतेक कागदाला लागूच होत नाही. आपल्या कागदाचा खरा प्रश्न रद्दीत आहे, आणि रद्दीबद्दल घोषणा कुणी लिहीत नाही.

रद्दीपासून नवा कागद करताना तिच्यातला धागा प्रत्येक वेळी थोडा आखूड होतो. चांगला पांढरा कागद पुन्हा पांढरा होऊ शकतो, मग त्याचा साधा कागद होतो, मग पुठ्ठा, मग अंड्यांचे ट्रे, आणि पाच-सात फेऱ्यांनंतर तो धागा निकामी होतो. ही साखळी जितकी लांब चालेल तितकं नवं लाकूड कमी लागेल. साखळी तुटते ती पहिल्याच पायरीवर, आपल्या स्वयंपाकघरात. वर्तमानपत्रात भाजीची सालं गुंडाळली, पुठ्ठ्याच्या खोक्यात उरलेली आमटी ओतली, सगळं एकाच पिशवीत घंटागाडीत टाकलं, की तो कागद संपला. गाडीत यंत्राने दाबला गेला की वेगळा काढण्याजोगा राहतच नाही. आणि मग आपल्या गिरण्या अमेरिकेतून, युरोपातून रद्दी मागवतात. चीनने २०१८ पासून मिश्र रद्दी नाकारली आणि २०२१ पर्यंत आयात पूर्ण थांबवली. त्यानंतर त्या मालाचा ओघ भारत आणि आग्नेय आशियाकडे वळला. त्या गठ्ठ्यांत कागदाबरोबर प्लॅस्टिकही येतं. स्वतःच्या घरातला कागद ओल्या कचऱ्यात मातीमोल करायचा आणि सातासमुद्रापलीकडचा कचरा पैसे देऊन आणायचा, हा आपला आजचा व्यवहार आहे.

ही साखळी जी काही टिकून आहे ती कचरा वेचणाऱ्या बायांमुळे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. या बाया चोर नाहीत, भिकारी नाहीत, कामगार आहेत, एवढं मान्य करून घ्यायलाही लढावं लागलं. पुढे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार २००८ मध्ये झाला. आज एखादी बाई आपल्या सोसायटीच्या तळमजल्यावर बसून पुठ्ठा, पांढरा कागद, वर्तमानपत्र, मेणकापडी कागद वेगळा करते, तेव्हा ती कागद उद्योगाला लागणाऱ्या कच्च्या मालाची प्रतवारी करत असते. गिरणीतल्या प्रयोगशाळेच्या आधीचं हे गुणवत्ता नियंत्रण आहे. त्याबद्दल तिला मिळतं काय? रद्दीचा त्या दिवशीचा भाव. तो जागतिक बाजारावर हलतो. युरोपातला माल स्वस्त झाला की पर्वतीच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचा भाव पडतो आणि तिच्या संध्याकाळच्या कमाईला कात्री लागते. शेतमालाला हमीभाव असावा असं आपण म्हणतो. वेगळ्या केलेल्या रद्दीला किमान भाव का नसावा? तो फरक कागद आणि पुठ्ठा वापरणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करता येईल. प्लॅस्टिक वेष्टनांबाबत उत्पादकांची जबाबदारी कायद्याने ठरलेली आहे, तीच रीत कागदाच्या वेष्टनांना लावायची आहे. आणि कचऱ्याचं काम मोठ्या यंत्रवाल्या ठेकेदाराकडे देण्याचा जो मोह अनेक महापालिकांना होतो, तो कागदाच्या दृष्टीने घातक आहे. ठेकेदाराला पैसे मिळतात वजनावर. कागद वेगळा काढण्यात त्याचा काही फायदा नाही.

नदीबद्दल थोडक्यात सांगतो. लाकूड शिजवून धागा वेगळा केला की उरतो तो काळा दाट द्रव, गिरणीत त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. मोठ्या गिरण्या तो जाळून त्यातली रसायनं परत मिळवतात. काडापासून कागद करणाऱ्या छोट्या गिरण्यांना ते परवडत नाही, कारण काडातल्या सिलिकामुळे यंत्रणा चोंदते. वर्षानुवर्षं हा द्रव ओढ्यात, नदीत सोडला गेला. पांढराशुभ्र कागद करण्यासाठी क्लोरीन वापरला की विषारी संयुगं तयार होतात, ती वेगळीच. देशातल्या सर्वाधिक प्रदूषक १७ उद्योगप्रकारांत कागद आहे, आणि प्रदूषण कमी करण्यासाठी सरकार आणि उद्योग यांच्यात २००३ मध्ये ठरलेल्या सनदेनंतर काही सुधारणा झालीही. पण झाडाऐवजी काडापासून केला म्हणून कागद निर्मळ होतो असं समजू नये. वहीचा कागद थोडा पिवळसर असला तर मुलाचं काही बिघडत नाही. शुभ्रतेचा आग्रह सोडला तर नदीचं मात्र पुष्कळ भलं होतं.

चिपाडाचा विषय महाराष्ट्रात निघायलाच हवा. तमिळनाडू सरकारने १९७९ साली करूरजवळ चिपाडापासून कागद करणारी कंपनी उभी केली. साखर कारखान्याला वाफेसाठी दुसरं इंधन पुरवायचं आणि त्या बदल्यात चिपाड घ्यायचं, अशी तिची व्यवस्था. आपल्याकडे इतके साखर कारखाने असताना चिपाड मुख्यतः वीजनिर्मितीसाठी जळतं. वीज हवीच, आणि चिपाडाच्या जागी कोळसा जाळला तर तोही तोटाच, हे मला मान्य आहे. तरी सौरऊर्जा स्वस्त होत असताना या निर्णयाचा फेरविचार व्हायला हरकत नाही.

आता कागद नेमका कशासाठी वापरला जातो ते पाहू. भारतात माणशी कागद वर्षाला १५-१६ किलो, जगाची सरासरी ५७ किलोच्या आसपास. हा आकडा पुढे करून उद्योग म्हणतो की आपल्याला अजून कितीतरी वाढायचं आहे. पर्यावरणवादी घाबरतात. सरासरीने दोघांचीही दिशाभूल होते. गडचिरोलीतल्या भामरागडच्या आश्रमशाळेतल्या मुलीला वर्षाकाठी मिळणाऱ्या वह्या-पुस्तकांचं वजन आणि पुण्या-मुंबईतल्या एका घरात महिन्याभरात येणाऱ्या खोक्यांचं वजन शेजारी ठेवून बघावं. मोठी वाढ होते आहे ती लिहिण्या-वाचण्याच्या कागदात नाही, वेष्टनात. एक मोबाइलचं कव्हर हातभर खोक्यात येतं. त्या खोक्यात पुन्हा चुरगळलेला कागद, आणि दहा मिनिटांत सगळं कचऱ्यात.

कागदी कपाचंही तेच. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदी आणली, ते चांगलंच झालं. पण त्या जागी आले कागदी कप, कागदी प्लेट, कागदी वाट्या, आणि कागद म्हणजे निसर्गस्नेही असं मानून आपण निश्चिंत झालो. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपेल. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की गरम पेय पंधरा मिनिटं अशा कपात राहिलं तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. या थरामुळे कप रद्दीतही जात नाही. जुलै २०२२ मध्ये राज्याने प्लॅस्टिकचा थर असलेल्या अशा कप-प्लेटांवरही बंदी घातली. कुठल्याही टपरीवर उभं राहिलं की त्या बंदीचं काय झालं ते दिसतं. काचेचा ग्लास विसळून शंभर माणसांना चहा देणारी टपरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. कोरोनाने ती सवय मोडली, तर ती परत घडवणं हे पालिकेचं काम आहे. टपरीला पाण्याचा नळ द्या आणि कपाचा पुरवठा घाऊक विक्रेत्याकडे रोखा. टपरीवाल्याला दंड करून यातलं काही साधणार नाही.

करही उलट्या दिशेने गेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे नवे दर आले. वह्यांवरचा कर शून्य झाला, त्याचं स्वागत. पण छपाईचा कागद १२ टक्क्यांवरून १८ वर गेला आणि पुठ्ठ्याची खोकी १२ वरून ५ वर आली. छापील पुस्तकावर कर नाही, त्यामुळे प्रकाशकाला कागदावर भरलेला कर परतही मिळत नाही, तो पुस्तकाच्या किमतीतच बसतो. हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती काढणारा मराठी प्रकाशक आणि दिवाळी अंक काढणारा संपादक १८ टक्के भरतो. जी वस्तू एकदाच वापरून फेकायची तिला सवलत आणि जी पन्नास वर्षं कपाटात राहायची तिला बोजा! पर्यावरणाचा विचार केला असता तर हे दर नेमके उलटे लागले असते.

यातून कुणी ‘सगळं डिजिटल करा’ असा निष्कर्ष काढेल. मला तो मान्य नाही. स्क्रीनही खाणीतल्या धातूंपासून बनते आणि विजेवर चालते. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, आणि त्यातला काही कोळसा त्याच चंद्रपूरच्या भूगर्भातून निघतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोरोनाच्या दोन वर्षांत फोनवर शिकलेल्या मुलांचं काय झालं ते प्रत्येक शिक्षक सांगेल. हाताने लिहिलं की डोक्यात राहतं. ग्रामीण आणि आदिवासी शाळांत आज वाचायला मिळणारी गोष्टीची पुस्तकं फार थोडी आहेत. तिथे कागद वाढायला हवा. खोकी, कप आणि झेरॉक्स यांतून वाचलेला कागद मुलांच्या हातात गेला तर मला त्याचा आनंद होईल.

झेरॉक्सचा सर्वांत मोठा ग्राहक सरकार आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला गेलेल्या माणसाच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, लाइट बिल, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती असतात. आणि हे सगळे कागद सरकारनेच त्याला दिलेले असतात. स्वतःच दिलेली माहिती स्वतःच पुन्हा छापून मागायची! महाराष्ट्राने २०१५ मध्येच स्वयंघोषणा आणि स्वसाक्षांकनाचा निर्णय घेतला. तरी खिडकीवर ‘खरी प्रत आणा’ हे वाक्य ऐकू येतंच. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली, फायलींचे ढीग जळाले, माणसं गेली. कागदाच्या गठ्ठ्यावर कारभार चालवण्यात किती धोका आहे हे त्या दिवशी दिसलं. सातबारा ऑनलाइन झाला, त्यावर डिजिटल सही आली, ही खरीखुरी सुधारणा. पण तोच सातबारा अनेक ठिकाणी छापून, वर शिक्का मारून मागितला जातो. न्यायालयांचं उदाहरण बोलकं आहे. लांबट लीगल कागद, तोही एकाच बाजूने छापलेला, अशी वर्षानुवर्षांची रीत. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-४ आकार आणि दोन्ही बाजूंनी छपाई मान्य केली, मग अनेक उच्च न्यायालयांनी. एका परिपत्रकाने निम्मा कागद वाचला, आणि न्यायदानात त्याने काही उणं आलं नाही. देशभरातल्या मुलांनी कितीही वह्या जपून वापरल्या असत्या तरी हे साधलं नसतं.

उलट दिशेचं उदाहरण आपल्याच पाठ्यपुस्तकांचं आहे. २०२३ मध्ये राज्याने ठरवलं की दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी पुस्तकातच धड्यामागे कोरी पानं द्यायची, ‘माझी नोंद’ म्हणून, आणि पुस्तक चार भागांत छापायचं. मुलं वह्या आणतच राहिली, बरीच पानं कोरीच राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ही योजना रद्द झाली. त्या दोन वर्षांत वाया गेलेल्या कागदापेक्षा मला दुसरं नुकसान मोठं वाटतं. ज्या पुस्तकात मूल लिहितं ते पुढच्या मुलाला देता येत नाही. एकेकाळी आपल्याकडे जून महिन्यात जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळत. वरच्या वर्गातल्या दादाची पुस्तकं जिल्द घालून खालच्या भावंडाकडे येत. सरकार पहिली ते आठवीला दरवर्षी नवी कोरी पुस्तकं मोफत देऊ लागलं, हे गरीब घरांसाठी योग्यच होतं. पण दिलेलं पुस्तक वर्षअखेरीस परत घेण्याची व्यवस्था कुणी राज्यभर उभी केली नाही. काही जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक स्वतःहून पुस्तकं जमा करतात, चांगली निवडून पुढच्या वर्गाला देतात, एवढंच.

आता नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं इयत्तेमागून इयत्ता येत आहेत, त्यामुळे हे ठरवायला आजच्याइतकी सोयीची वेळ नाही. बांधणी दोऱ्याची आणि मुखपृष्ठ जाड, म्हणजे पुस्तक तीन वर्षं टिकेल. स्वाध्याय सोडवायची जागा पुस्तकात नको, त्यासाठी वेगळी वही द्यावी, आणि तीही मोफत. कागद पांढराशुभ्र नको, रद्दीपासून किंवा चिपाडापासून केलेला चालेल, अशी अट बालभारतीच्या निविदेत घालावी. इतका मोठा ग्राहक अशी अट घालतो तेव्हा गिरण्या मुकाट्याने तसा कागद बनवतात. पहिली-दुसरीची मुलं पुस्तकात रंगवतात, फाडतात, त्यांना सोडावं. तिसरीपासून पुढे गणित आणि विज्ञानापासून सुरुवात करावी. एप्रिलमध्ये पुस्तकं जमा करायची, जूनमध्ये वाटायची, आणि जी फाटली तेवढीच नवी छापायची.